वहिनींची जुनेरं

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर उल्काने गोधड्या शिवायच्या असं ठरवलं. त्याला आता सहा वर्षं झाली आणि शिवून झालेल्या गोधड्यांची संख्या दीड आहे. कापड मात्र दोन कपाटं आणि दिवाणाचा आतला खण भरून आहे.

यात तिची काही चूक आहे असं तिला बरेच दिवस वाटत नव्हतं. रविवार पेठेत रंगनाथशेठच्या दुकानात अस्तर आणायला म्हणून जावं, तर शेजारच्या ठाणावर नेमकी हवी तशी बुट्टी दिसायची. बुट्टी घेतली की तिला जुळणारा काठ नको का? काठ घेतला की तो उठून दिसायला फिकट काहीतरी लागायचं. घरी येऊन ती सगळं पलंगावर मांडायची, मागे सरून बघायची, आणि घडी घालून कपाटात ठेवून द्यायची. नमनालाच घडाभर तेल जात होतं, नाटकाचा पडदा काही वर जात नव्हता.

“कपाटात माझा एखादा शर्ट सापडला तर कळव,” तिचे यजमान माधवराव म्हणायचे. “घाई नाही. पुढच्या लग्नसराईपर्यंत चालेल.”

उल्का हसून सोडून द्यायची. माणसाला एखादी हौस असावी, असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त हौस गोधडी शिवण्याची आहे की कापड घेण्याची, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या थोरल्या जाऊबाईंचा, सुशीलाबाईंचा, बिबवेवाडीहून फोन आला. उल्का त्यांना वहिनी म्हणते.

“सलिल येतोय रविवारी. मला नागपूरला घेऊन जाणार कायमची,” वहिनी म्हणाल्या. सलिल म्हणजे त्यांचा मुलगा. “जागा सोडायची आहे. त्याआधी एकदा येऊन जा.”

“येते की. शनिवारी येते.”

“नागपूरची थंडी वाईट म्हणतात,” वहिनी सहज म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

उल्काची नजर कपाटाकडे गेली. साडेतीन वर्षांपूर्वी याच वहिनींनी तिला एक गाठोडं दिलं होतं. त्यात त्यांची नेसून नेसून विटलेली सात सुती पातळं होती. जुनेरंच ती, कुठे पदर फाटलेला, कुठे काठ सुटलेला, पण हाताला लोण्यासारखी मऊ. वहिनींच्या हातांना तेव्हा कंप सुटायला लागला होता, सुईत दोरा ओवणंही जमेना. “मला एक गोधडी शिवून दे,” त्या म्हणाल्या होत्या. “सगळ्यांना शिवून दिल्या, माझी राहिली. हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.”

गोधडी शिवायला उल्काला त्यांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन आल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की नव्या कापडाची गोधडी करू नये. नवं कापड अंगाला टोचतं, त्याला माणसाची सवय नसते. आणि त्या सात पातळांना तर माणसांची चांगलीच सवय होती. उल्का नोकरीवर जायची तेव्हा तिच्या अवधूतला पाच वर्षं वहिनींनी सांभाळलं, मोबदल्याचा विषयही कधी निघू दिला नाही. तो दुपारी त्यांच्या मांडीवर झोपायचा आणि झोपेत पदराचं टोक चोखायचा. जांभळ्या बारीक चौकडीच्या पातळाचा तो पदर चोखून चोखून भुरका झाला होता, आणि ते पातळही गाठोड्यात होतं.

उल्काने गाठोडं घरी आणलं, सोडून बघितलं, आणि तिला ते फार मळकट वाटलं. याला जरा उठाव द्यायला हवा, म्हणून ती काठ आणायला गेली. मग अस्तर आणायला गेली. सहा महिने झाले, आठ झाले. वहिनी फोनवर विचारायच्या, आणि उल्का म्हणायची, होतंय. त्या वर्षी दिवाळीच्या आधी रंगनाथशेठने राजस्थानी छापाचं कापड निम्म्या भावात काढलं. उल्का दोन पिशव्या भरून घेऊन आली आणि कपाटाचं दार लागेना. त्याच दुपारी सोसायटीच्या फाटकाशी बोहारीण आली होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. उल्काने खालचं गाठोडं ओढलं. वहिनींना आपण नव्या कापडाची, छान, रंगीत गोधडी शिवून देऊ, त्या खूशच होतील, असं तिने मनाशी पक्कं केलं. सात पातळांवर झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळाला.

ती गोधडी अर्थातच झाली नाही. पुढच्या महिन्याभरात वहिनींनी विचारणंही सोडलं. वयामुळे विसरल्या असतील, असं उल्काला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंही वाटलं. आता नागपूरच्या थंडीचं नाव निघालं आणि तिला कळलं की वहिनी काही विसरलेल्या नाहीत.

शनिवारी सकाळी ती आधी रविवार पेठेत गेली. रंगनाथशेठ गादीवर सरसावून बसले. उल्काने वर्णन करून सांगितलं: जांभळी चौकडी, बारीक, सुती, आणि त्याच्या जोडीला विटकरी, मोरपंखी, जुन्या पद्धतीचं. त्यांनी पाच मिनिटांत सगळं समोर काढलं. जांभळ्या चौकडीचं ठाण उलगडलं तेव्हा उल्का पुढे वाकली, इतकं ते हुबेहूब होतं.

“जुनं दिसायला हवंय का, ताई?” शेठनी विचारलं. त्यांना गिऱ्हाइकाचं मन ओळखता येतं. “चार वेळा कढत पाण्यात धुवा, उन्हात टाका, धोपटण्याने हाणा. वीस वर्षांचं दिसेल. गोधडीत कोण बघतंय?”

खरंच कोण बघणार होतं? वहिनींची नजर अधू झालेली. रविवारी त्या गेल्या की मागाहून पार्सल पाठवता आलं असतं. पुन्हा, कापड सुरेख होतं. उल्काने ते दोन बोटांत धरलं आणि तिला नेहमीसारखंच झालं, हात सोडवेना. कापा नऊ मीटर, हे शब्द ओठांवर आले होते. पण मग तिला दिसलं, की वहिनी नागपुरात रोज रात्री हे अंगावर ओढणार, आपलीच पातळं म्हणून हात फिरवणार, याच चौकडीत अवधूत झोपायचा असं नातवंडांना सांगणार. उल्काला स्वतःचीच किळस आली.

“नको,” ती म्हणाली.

“तीन मीटर देऊ?”

“काहीच नको.”

रंगनाथशेठनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बरं वाटत नाहीये का, ताई? पाणी मागवू?”

ती रिकाम्या हातांनी दुकानाच्या पायऱ्या उतरली. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. कापड घेतलं नाही आणि खोटंही बोलणार नाही, सगळं सांगून टाकणार. वहिनी रागावतील, चांगल्या तासभर बोलतील, मग आपण रडू, मग त्या पाठीवरून हात फिरवतील. बिबवेवाडीपर्यंत हा प्रसंग तिने मनात दोनदा करून पाहिला, आणि दुसऱ्या वेळी तर रिक्षातच डोळे पुसले.

वहिनींच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. खुर्च्या कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या, म्हणून उल्का पलंगावर टेकली. स्वयंपाकघरात सोजरबाई भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्या लातूरकडच्या, वहिनींकडे सात-आठ वर्षं कामाला. वहिनींचे हात मांडीवर थरथरत होते आणि त्यांनी ते एकमेकांत धरून ठेवले होते.

उल्काने वेळ दवडला नाही. “वहिनी, तुमची पातळं माझ्याकडे नाहीत,” ती म्हणाली. “मी ती दिली. बोहारणीला.”

वहिनींनी विचारलं, “काय मिळालं?”

“डबा. झाकणाचा.”

“स्टीलचा?”

“हो.”

“बरा आहे का?”

“बरा आहे,” उल्का म्हणाली, आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“मग वापर,” वहिनी म्हणाल्या. “मला अंदाज होता. जो शिवत असतो तो सांगतो, इथवर आलंय, एवढं राहिलंय. तू नुसतं होतंय म्हणायचीस. म्हणून मग माझी नेसती दोन होती ती काढली. ती पुरेनात, तर सोजरबाईंनी त्यांचं एक आणलं. दुपारची भांडी झाली की बसायच्या. महिन्याभरात झाली. दोन वर्षं पांघरतेय मी.”

“कुठे आहे?”

“तू बसलीयेस तिच्यावर.”

उल्का उठून उभी राहिली. पलंगावर गोधडी अंथरलेली होती. टाके वाकडे, कुठे लांब कुठे आखूड, पांढऱ्या कापडावर लाल दोरा, मधला थर एका बाजूला सरकलेला. आल्या आल्या तिने हे पाहिलं होतं, आणि कुणा शिकाऊ बाईचं काम दिसतंय असं मनात म्हणून त्यावर बसलीही होती.

सोजरबाई दारात आल्या. “माझं टाकं लई वाकडं हायेत, ताई,” त्या ओशाळून म्हणाल्या. “हसू नका.”

उल्काने नुसती मान हलवली. सोजरबाई आत गेल्यावर ती वहिनींपुढे खाली बसली. “रागवा ना मला, वहिनी.”

“रागावून झालं गं,” वहिनी म्हणाल्या. आवाजात धार नव्हती, आणि तेच उल्काला सोसवेना. “तेव्हाच झालं. चांगले चार महिने रागावले होते. तू तेव्हा नव्हतीस इथे.”

खरं होतं ते. होतंय म्हणून फोन ठेवायची सोय होती, म्हणून त्या चार महिन्यांत उल्का बिबवेवाडीला फिरकलीच नव्हती, आणि नंतरही आली ती बाहेरच्या खोलीतूनच परतली होती. त्या महिन्यांत या घरात एक भांडण झालं, मिटलं, आणि तिच्यावाचूनच मिटलं. आता मागून घ्यायला रागसुद्धा शिल्लक नव्हता. वरातीमागून आलेलं तिचं घोडं दारात उभं होतं आणि मांडवातली माणसं केव्हाच आपापल्या घरी गेली होती.

“मी दुसरी शिवते,” ती म्हणाली. “आठ दिवसांत. रात्रंदिवस बसते. नागपूरला आणून देते.”

“कशाची शिवशील?”

“माझ्याकडे कापड खूप आहे, वहिनी.”

“ते नवं आहे,” वहिनी म्हणाल्या.

उल्काची नजर गोधडीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथली शिवण वीतभर उसवली होती आणि आतला थर बाहेर डोकावत होता. तिने तो कोपरा हातात घेतला. एवढं तरी आपल्या हातचं त्यांच्याबरोबर जावं, असं तिला फार तीव्रतेने वाटलं.

“हे उसवलंय. सुईदोरा द्या, आत्ता नीट करून देते. दहा मिनिटांचं काम आहे.”

“राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “सोजरबाई करतील संध्याकाळी.”

त्यांनी थरथरत्या बोटांनी तिच्या हातातून तो कोपरा सोडवून घेतला आणि पलंगावर सारखा केला. मग तिच्याकडे बघून, अगदी नीट, आपुलकीने विचारलं, “चहा घेणार ना तू?”

सदतीस वर्षांत वहिनींनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. ती दारात दिसली की आत आधण चढायचं. विचारायचं ते बाहेरच्यांना.

“घेईन,” उल्का म्हणाली.