डाग न निघालेला कोट

“पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर खूण दिसत नाही.”

विम्याच्या साहेबांनी विचारलं. आमचे हे शांतपणे म्हणाले, “पुसली. ओली असतानाच पुसली, नाहीतर चिखल धरून बसतो.”

आता या माणसाला काय म्हणावं! आमची लॉन्ड्री छातीइतक्या पाण्यात बुडाली होती. सासऱ्यांच्या हयातीत नदीनं या गल्लीचं तोंड पाहिलं नव्हतं. आता पावसाचा काही नेमच राहिला नाही, आणि नदी माहेरी आल्यासारखी येते. हे तिसरं पाणी. धुलाईच्या मशीनची मोटार जळली होती. विमा मिळाला तर नवं मशीन, नाहीतर दुकानाला कायमचं कुलूप, आणि ह्यांनी या वयात दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करायची. सगळं त्या साहेबांच्या हातात होतं, आणि आमचे हे सांगत होते, पुसली!

समोरच्या फर्निचरवाल्यानं दुकानातला चिखल जिवापाड सांभाळला होता. साहेब येईपर्यंत बायकोला झाडू म्हणून लावू दिला नाही. मी तेव्हा सासूबाईंना घेऊन वरच्या वस्तीत नणंदेकडे होते. परत येऊन बघते तर दुकान लख्ख, आणि हे कोळशाच्या इस्त्रीपाशी उभे.

“भिजलेले कपडे दाखवा,” साहेब म्हणाले.

“हे काय.” ह्यांनी दांडीकडे हात केला. पांढरेशुभ्र शर्ट, चादरी, पडदे, सगळं कडक इस्त्रीचं.

“थट्टा करताय का माझी?”

“नाही हो. सगळे पाण्यात होते. हातानं धुतले. चिखल वाळला की डाग बसतो, साहेब. तुमची वाट बघत बसलो असतो तर लोकांचे कपडे गेले असते.”

“निदान फोटो तरी काढलेत?”

“हात ओले होते.”

मशीनचीही तीच गत. उघडून, पुसून, तेल घालून ठेवलेलं. साहेबांनी बटण दाबून पाहिलं आणि मान हलवली. “आमचं ऑफिस म्हणेल, जुनं झालं म्हणून बंद पडलं.”

मला राहवेना. मी टेबलाखालचं गाठोडं ओढलं.

“अगं, ते नको!” हे ओरडले. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

आत राखाडी लोकरी कोट होता. शाळेतल्या बाईंचा, म्हणजे त्यांच्या गेलेल्या यजमानांचा. घालणारं कोणी नाही, तरी बाई दरवर्षी तो आमच्याकडे धुवायला टाकतात. त्यावर छातीपर्यंत चिखलाचा पिवळट डाग होता. ह्यांनी पुन्हा पुन्हा धुतला, तरी तो हटला नव्हता. साहेबांनी कोट उलगडला तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. मशीन गेलं त्याची ह्यांना लाज नव्हती, या डागाची होती.

“हे झालं एक,” साहेबांनी फोटो काढला. “पाणी आलं होतं हे मला कळतंय हो. पण वर ऑफिसला नुकसान दिसायला लागतं. असे दहा-वीस कपडे असते तर मशीनचंही लावून धरलं असतं.” ते दारात घुटमळले. आवाज खाली आणून म्हणाले, “मी समोर जाऊन येतो. वेळ लागेल मला. गटारातला चिखल अजून ओला आहे. मी काही बोललो नाही.”

ते गेले.

“अहो, ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग?”

“तुला शर्ट न्यायचे तर ने. माझ्याच्यानं नाही होणार.”

नेले की! शहाणपणा ह्यांनी करायचा आणि निस्तरायचं मी? दहा-बारा शर्ट छातीशी धरून तरातरा गटारापाशी गेले. शर्ट अजून गरम होते. सगळ्यात वरचा बेकरीवाल्याचा. त्याचं घरच वाहून गेलं होतं. धड म्हणावा असा त्याच्याकडे तेवढाच एक कपडा उरला होता. काय मेला पांढरा धुतला होता! मला तिथंच रडू फुटलं. ह्यांचा राग आला, नदीचा आला, स्वतःचा तर जास्तच आला. तशीच मागं फिरले आणि शर्ट एकेक करून दांडीला लावले.

साहेब परत आले. दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काही नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं : नुकसान, एक जुना कोट. ह्यांनी खाली सही केली.

संध्याकाळी गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाचं तेच. “दुकान बुडालं म्हणे तुमचं? आमचे कपडे नव्हते ना त्यात?” हे म्हणायचे, “नाही, नाही,” आणि घडी पुढे करायचे. लोक निश्चिंत होऊन जायचे. दांडी रिकामी झाली.

मी दार ओढणार तोच ह्यांनी तो कोट टेबलावर पसरला आणि इस्त्री उचलली.

“अहो, डाग निघणार नाही, माहीत आहे ना? मग आता इस्त्री कशाला?”

“उद्या बाई येतील. डाग दाखवायलाच हवा त्यांना.” ह्यांनी ओला फडका पिळून कोटावर अंथरला. “पण चुरगळलेला कसा दाखवू?”

कोळसे विझत आले होते. मी पुठ्ठा घेतला आणि वारा घालू लागले.