कुंडीतली चमचाभर माती

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बुडबुडी’ म्हणत. जंतूंना खाणारा विषाणू सापडला म्हणून तिने एकदा सगळ्यांना गोळा केलं होतं, आणि त्याने बशीतल्या जंतूंच्या थरात पाडली म्हणून दाखवलेली भोकं निघाली नुसत्या हवेच्या बुडबुड्यांची. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. चाळीस ठिकाणची माती धुऊन, गाळून झाली, हाती काही लागलं नाही. शुक्रवारपर्यंत विषाणू मिळाला नाही तर विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगून टाकलं होतं. तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

घरी मामा रोज सकाळी एका वाळक्या कुंडीला पाणी घालत. रोप मामीचं, मामीच्या मागोमाग तेही गेलं.

“मामा, कोणाला पाजताय?” ती चेष्टा करायची.

“मातीला,” ते म्हणायचे.

सोमवारी त्यांची नजर चुकवून तिने त्याच कुंडीतली चमचाभर माती उचलली आणि प्रयोगशाळेत ती धुऊन, गाळून ते पाणी बशीतल्या जंतूंवर सोडलं.

मंगळवारी बशीत जंतूंचा थर काचेवरच्या वाफेसारखा पसरला होता, आणि त्यात तीन भोकं. “बुडबुडे,” ती पुटपुटली आणि बशी टाकायच्या ढिगावर ठेवून मोकळी झाली. दुपारी मात्र तिला राहवेना. बशी परत उचलून तिने खिडकीशी धरली. भोकांभोवती फिकट वलय होतं, हवेच्या बुडबुड्याभोवती कधी नसतं तसं. ऊन त्यातून आरपार येत होतं, आणि ती किती वेळ तशीच उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने एका भोकात सुई टोचली आणि ताज्या जंतूंत बुडवली.

शुक्रवारी नव्या बशीत भोकंच भोकं होती. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

“बुडबुड्याला पिल्लं होत नाहीत,” त्या म्हणाल्या. “खरा आहे गं हा.”

पुढे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फोटो निघाला. कोनदार डोकं, लांब शेपूट. तो घेऊन ती घरी आली.

“मामा, मी तुमच्या कुंडीतली माती चोरली होती.”

मामा बराच वेळ फोटो पाहत राहिले. “बाकीच्या मातीत का नाही मिळाला?”

“ती कोरडी होती. ही तुम्ही ओली ठेवलीत, म्हणून असेल.”

“म्हणजे हा जिवंत आहे?”

विषाणूला जिवंत म्हणावं की नाही, यावर तिने कितीदा तासन् तास वाद घातला होता.

“आहे,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मामा उठले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि कुंडीकडे बोट दाखवत तांब्या तिच्या हातात दिला.