तळपायावरचा तीळ

मित्रांनो, अंगावर एकही तीळ नाही असा माणूस विरळाच. आम्ही बहुतेक तीळ जन्मभर गुपचूप बसून राहतो, कुणाला त्रास देत नाही. मीही तसाच एक साधा तीळ होतो, यतीनच्या डाव्या तळपायावरचा.

यतीन बालवाडीत असताना मी नाशिकला उगवलो. आंघोळ घालताना त्याच्या आईला, इंदुमतीबाईंना, मी दिसलो आणि त्यांनी घर डोक्यावर घेतले. "तळपायाला तीळ! पोरगं देशोदेशी फिरणार!" मग काय, आल्यागेल्याला माझे दर्शन घडू लागले. ते लाड अजून आठवतात.

पुढे यतीन इंजिनिअर झाला, वल्लरीशी लग्न करून गुडगावला राहू लागला. मानेसरच्या कारखान्यात गाडीच्या रंगावरचा बारीकसा डागही त्याला लांबून दिसे. मी मात्र मोज्यात, त्यावर जाड बूट. वर्षानुवर्षे त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. नाशिकच्या न्हाणीघरातल्या त्या मायेच्या हातासाठी मी झुरत असे.

मग माझ्यातच काहीतरी बिघडले. माझी गोल कड वेडीवाकडी झाली, तपकिरी रंगात एका बाजूने काळेनिळे उतरले, मी पसरत चाललो. दुखत नव्हते, त्यामुळे यतीनला पत्ताच नव्हता. मला वाचा असती तर ओरडलो असतो.

यंदा दिवाळीला इंदुमतीबाई आल्या. पहिल्या आंघोळीला लेकाला पाटावर बसवून त्यांनी पायाला तेल लावले, तेव्हा मी दिसलो.

"अगंबाई, केवढा वाढलाय! वल्लरी, बघ गं, जर्मनीचं नक्की झालं समज!"

कंपनी यतीनला जर्मनीला पाठवणार की नाही, ते त्याच सुमारास ठरणार होते. वाढलेल्या तिळात त्या माउलीला वाढलेले भाग्य दिसले. इतक्या वर्षांनी तो हात माझ्यावरून फिरला आणि मला रडूच आले.

वल्लरी वाकून बघत राहिली. "अरे, हा असा नव्हता. डॉक्टरांना दाखवू या."

"यार, आईचा लकी तीळ आहे तो. काढायला सांगितला तर? जर्मनीचं होऊ दे, मग बघू."

"आणि तुला काही झालं तर? चलो, आजच अपॉइंटमेंट घेते."

इंदुमतीबाईंचा हात थबकला. मग त्याच म्हणाल्या, "जा बाळा. तू हवायस मला, तीळ काय करायचाय?"

डॉक्टरीणबाईंनी मला भिंगातून न्याहाळले. "पूरा निकालकर जाँच के लिए भेजना होगा. देर मत कीजिए." त्यांनी जागा बधिर केली आणि मी त्या पायापासून सुटलो.

आता मी प्रयोगशाळेत आहे, तपासणीसाठी पातळ काप काढता यावेत म्हणून मेणाच्या लहानशा वडीत बसवलेला. सूक्ष्मदर्शकातून पाहणारे म्हणाले, "कैंसर है, पर बिल्कुल शुरुआती. सही वक़्त पर आ गया." यतीनची आणखी थोडी कातडी काढावी लागेल, एवढे त्यांच्या बोलण्यातून कळले. पुढचे मला कोण सांगणार? तो जर्मनीला गेला की नाही, कोण जाणे. त्या पायाची ऊब फार आठवते.

मित्रांनो, अधूनमधून आपले तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट पाहत जा, पाठ घरच्यांना पाहायला सांगा. तिळाचा रंग, आकार किंवा कड बदलली, खाज सुटली, रक्त आले, तर घरी ब्लेड लावू नका आणि शकुनही शोधू नका. डॉक्टरांना दाखवा. काढावा लागला, तर जाऊ द्या त्याला. मला यतीनची रोज आठवण येते, तरीही सांगतो, त्याच्या पायाला बिलगून त्याचा घात करण्यापेक्षा तो माझ्यावाचून चालत राहिलेला मला हवा आहे.