खुडूक कोंबडीखालची अंडी

उकिरड्यावर अंड्याचं टरफल दिसेना, तेव्हाच चिमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

त्याची बायको साळूबाई दिवाळीपासून माणसं विसरत चालली होती. चूल पेटवून दारात जाऊन बसायची, नातवाला दिराच्या नावानं हाक मारायची. नसरापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, "मेंदूत निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं, ते यांचं कमी पडतंय. आहे ते लवकर संपू नये म्हणून ही गोळी. शरीर ते द्रव्य अन्नातल्या कोलीनपासून बनवतं, आणि अंड्याच्या बलकात कोलीन भरपूर. यांचं जेवण तुटलंय, म्हणून रोज एक अंडं द्या. पण अंडं म्हणजे औषध नव्हे हं. गेलेलं परत येईल असं नाही."

शेवटचं बोलणं गावी, पासलीला पोचेपर्यंत एस.टी.तच सांडलं. चिमाजीनं एवढंच धरून ठेवलं, की बलक पोटात जाईल तोवर साळू आपल्याला ओळखील.

सून नूतन सकाळी अंडं उकडून सासूपुढं ठेवायची आणि भातखाचरात तण काढायला, बेणणीला पळायची. सोलायचं काम सासूचं. हाताला चाळा राहू द्या, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं. दुपारी शेळ्या कोंडून चिमाजी विचारायचा, "साळू, अंडं खाल्लंस?"

"कुणी दिलंय मला?"

ताटली मात्र रिकामी. नूतनचं माहेर उत्रोलीचं, आणि तिचा भाऊ मानसिंग सारखा येऊन भरली पिशवी घेऊन जायचा. चिमाजीनं मनात दोन्हीची गाठ मारली.

"अंडी कुठं जात्यात गं?" त्यानं एकदा सुनेला हटकलंच.

"आत्यांच्या पोटात, मामा."

"आन् टरफलं? ती बी पोटात?"

"मी काय टरफलं राखत बसू? खाचरात बाया खोळंबत्यात."

"मानसिंगाच्या पिशवीत काय असतं?"

नूतननं हातातली ताटली खाली आपटली. मग म्हणाली, "रानातली भाजी. उद्या आत्यांना अंडं देते आन् मी बी जाते माहेरी त्याच पिशवीसंगं."

दुसऱ्या दिवशी चिमाजीनं शेळ्या हाकल्यासारखं केलं आणि कुडामागं दबा धरून बसला. नूतननं ताटलीत अंडं ठेवलं आणि कपडे भरायला आत गेली. साळूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. चुलीतला विझका कोळसा घेऊन अंड्यावर रेघ ओढली, अंडं पदराखाली धरलं आणि कोपऱ्यातल्या पाटीपाशी गेली. तिथं भाताच्या तुसावर खुडूक कोंबडी बसली होती.

"ऊब दे बाई," ती पुटपुटली, आणि अंडं हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं.

ती उठून गेल्यावर चिमाजीनं पाटीत हात घातला. कोंबडीनं टोचलं, पण पाटी भरली होती. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ! नवी अंडी उबवणीच्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून साळूबाई जन्मभर अशीच खूण करत आली होती. त्यानं वरचं अंडं फोडलं. आत घट्ट उकडलेला बलक.

फुटकं अंडं हातात धरून तो उठला. नूतन पिशवी घेऊन उंबऱ्यात आली होती.

"पोरी, ठेव ती पिशवी. म्या उगाच आळ घेतला तुझ्यावर."

"का? घावली का टरफलं?"

"घावली. लई जपून ठेवल्यात तुझ्या आत्यानं."

पाटीत बघून नूतनला आधी हसू फुटलं, मग तोंडावर पदर गेला. तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि दुसरं अंडं उकडून त्याचा बलक मऊ भातात कुस्करून दिला. चिमाजी साळूबाईपुढं बसला आणि घास भरवू लागला. दोन घास तिनं निमूट खाल्ले. तिसऱ्याला तोंड मिटलं आणि त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण तुमी? माझ्या कोंबडीखाली हात घालणारं तुमीच न्हवं?"

"व्हय. मीच."

"थांबा. आमचं मालक शेळ्या घेऊन आलं की सांगते त्यास्नी."

चिमाजीनं घास बोटांनी आणखी मऊ केला. मग तो म्हणाला, "सांगा. पण त्ये येईस्तवर एवढं खावा."

साळूबाईनं तोंड उघडलं. नजर मात्र त्याच्या दुसऱ्या हातावरून हलवली नाही.