जाऊबाईंच्या व्यवसायाचा रकाना

१९७१ साली माझ्या थोरल्या जाऊबाई धुलाई कारखान्यात बॉयलर फुटून गेल्या. अकरा वर्षं त्या तो बॉयलर चालवत होत्या, आणि अकरा वर्षं सासूबाई त्यांना “आमची कोळसेवाली” म्हणून टोमणे मारत होत्या.

अपघाती मृत्यू म्हणून चौकशी बसली, चार महिने चालली. निकाल लागला तसा चौकशी अधिकाऱ्याचा कागद परस्पर नोंदणी कार्यालयात गेला. अशा मृत्यूची नोंद करायला घरच्यांना बोलावत नसत. दाखला तेवढा घेऊन यायचा. भावजींच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून सासूबाई आणि मी गेलो.

मी दाखला वाचून दाखवला. नाव, वय, कारण, सगळं बरोबर. व्यवसाय: गृहिणी.

सासूबाईंनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग कारकुनाला विचारलं, हे कुणी सांगितलं? कारकून सरळ माणूस. चौकशीच्या कागदात तो रकाना कोरा होता म्हणाला, आणि लग्न झालेल्या बाईपुढे आम्ही तेच भरतो.

“घरी असती तर मेली कशाला असती?” सासूबाई म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली. दुरुस्तीला चौकशी अधिकाऱ्याचं पत्र लागेल, एवढं पुटपुटला.

“चल गं. स्वयंपाकाचं आज विसर.”

अधिकारी दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर बसत. आधी कुरकुरले, मग फाईल काढून मुकादमाची जबानी वाचू लागले: बाईंनी धोका ओळखून सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि वाफेची झडप उघडायला एकट्या परत गेल्या. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी ते दोनदा ऐकलं. पत्र अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

कार्यालय बंद होता होता लाल शाईने दुरुस्ती झाली: बॉयलरचालक. माहिती देणारी व्यक्ती म्हणून सासूबाईंनी एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. मग जिन्यात जो भेटेल त्याला, ओळख ना पाळख, दाखला दाखवत सुटल्या. “माझी सून,” म्हणत होत्या. मी इतक्या ताठ मानेने कधीच चालले नव्हते.

तो कारकून पुढे कार्यालयाचा प्रमुख झाला. चौकशीनंतरची नोंद घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय तो कायम करत नसे. भावजींचं दुसरं लग्न सासूबाईंनीच जमवलं. त्या नव्वदीपर्यंत जगल्या. मी, दाखला आणला त्याच वर्षी, टेलिफोन कचेरीत नोकरी धरली, आणि घरात कुणी हूं की चूं केलं नाही.