दोघींनी ठरवलेलं कॉलेज

अर्चनाची एकुलती एक मुलगी ऊर्मी डेंग्यूनं गेली, ती बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. नवऱ्याच्या, मंदारच्या नोकरीपायी हे पुण्याचं कुटुंब चेन्नईच्या मैलापुरात आलं, तेव्हा ऊर्मी जेमतेम चालायला लागली होती. खालच्या मजल्यावर शेषाद्रींचं तंजावरी मराठी घर. त्यांची कीर्तना आणि ऊर्मी पाठच्या बहिणींसारख्या वाढल्या. इंग्रजी साहित्य घ्यायचं आणि इथल्याच एका कॉलेजात दोघींनी मिळून जायचं, हे त्यांचं केव्हाच ठरलेलं होतं.

मे महिन्यात कीर्तना वर आली. अर्चना कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काकू, दोन्हीकडे सीट मिळाली," ती तिच्या तमिळ हेलात म्हणाली. "आम्ही ठरवलेलं ते, अन् तिरुच्चीचं. तिरुच्चीला शिकवतात फार चांगलं. पण हॉस्टेलात राहायला हवं."

"अप्पा काय म्हणतात?"

"तुला हवं तिथं जा, म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तिथं जाते मी."

अर्चनाचं उत्तर तयार होतं. संध्याकाळी कॉलेजातून आली की ही पोर वर येईल, आज काय शिकवलं ते सांगेल. ऊर्मी जे शिकली असती, ते निदान कानावर तरी पडेल. या एका आशेवर तिनं अख्खा उन्हाळा ढकलला होता. तरी तिच्या तोंडून निघालं, "तिथं एकटीला करमेल का गं तुला?"

कीर्तना खाली बघून म्हणाली, "बसमधून आम्ही ठरवलेल्या त्या कॉलेजचं फाटक दिसलं ना, तरी मी तोंड फिरवते, काकू. पण तुम्हाला टाकून कशी जाऊ?"

अर्चनानं हातातली घडी मोडली, पुन्हा घातली.

"तिरुच्चीला जा," ती म्हणाली.

"रागानं म्हणता?"

"नाही गं बाळा. मनापासून."

कीर्तना तिच्या गळ्यात पडून रडली. रडता रडता तिचे खांदे सैल पडत गेले. पोरीची सुटका झाली होती, हे अर्चनाच्या हातांना कळलं, आणि तेच तिला सोसवेना.

जूनमध्ये कीर्तना गेली. आधी दर रविवारी फोन यायचा. पुढे परीक्षा आल्या, नाटक आलं, फोन लांबत गेले. दिवाळीला ती वर आली, तेव्हा तिच्या तोंडी सारखी तिची रूममेट हेमलता होती. हेमलता अशी, हेमलता तशी. बोलता बोलता ती खळखळून हसली आणि एकदम गप्प झाली.

"हस गं," अर्चना म्हणाली आणि तिच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

त्या संध्याकाळी मंदार ऑफिसातून आला तेव्हा अर्चना आमटी ढवळत होती.

"कीर्तना येऊन गेली?"

"हो. चांगली रमली आहे तिकडे." एवढं बोलून ती आमटी तशीच उकळती टाकून ऊर्मीच्या खोलीत गेली. मंदारनं गॅस बंद केला आणि पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसला.