तुम्हाला काय वाटलं?

खुर्चीच्या उशीवरचा खळगा अजून भरून आला नव्हता — दातांची डॉक्टरीण आत्ताच उठून गेली, कायमची, बरी होऊन, दारात मनमोकळं हसून — आणि तिची समुपदेशक त्या खळग्याकडे बघत आपल्या जागी बसूनच राहिली. पेशंट बरा झाला की आनंद व्हायला हवा. झालाही होता. पण त्याच्या पाठोपाठ मनात आलं, की आता मला ओळखणारं कोणी उरलं नाही… असं म्हणायचं नसतं, माहीत आहे मला. पण वाटायचं ते वाटतंच ना!

सुरुवातीला ही समुपदेशक कशी बोलायची! प्रत्येक वाक्य पुस्तकातलं, धुऊन इस्त्री करून आणलेलं. शेवटी एकदा डॉक्टरीणच वैतागली. "अहो, माझे पेशंट निदान 'आ' तरी करतात. तुम्ही तोंडच उघडत नाही. मी एवढं बोलले, तुम्हाला काय वाटलं?"

समुपदेशकेला घरात हे कोणी कधी विचारलं नव्हतं. तिथे जे काही वाटायचं ते ताईला. धाकटीनं मान डोलवायची. किती गुणाची पोर, कसला म्हणून त्रास नाही, असं म्हणत म्हणत सगळ्यांनी तिचं तोंड बंदच करून टाकलं, तेही लाडानं. आणि त्या दुपारी, ध्यानीमनी नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "मला तुमची भीती वाटते. तुम्ही चिडून जाल आणि परत येणार नाही, अशी." डॉक्टरीण चमकली, मग रडली, मग पहिल्यांदा खरं बोलली. आणि मी? मला माझाच आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला… चाळिशी उलटल्यावर!

पुढे तो आवाज वाढला, रागवायला शिकला, थट्टा करायला शिकला — पण या चार भिंतींत. दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा तीच गुणी धाकटी.

फोन वाजला. ताई. दर आठवड्याला ती विचारायची, ही 'मजेत' म्हणायची, की मग ताईचे गुडघे, ताईची सून, ताईचा गळका नळ…

"कशी आहेस गं?"

'मजेत' अगदी जिभेवर आलं होतं.

"बरी नाहीये ताई. फार एकटं वाटतंय."

पलीकडे ताई गप्प. समोरच्या खुर्चीत कोणी असं गप्प झालं तर काय करायचं ते तिला पाठ होतं — थांबायचं, घाई करायची नाही. पण ती माणसं परकी होती. ही ताई. ही जर 'वेडी आहेस का' म्हणून हसली, तर पुन्हा तोंड उघडायचा धीर होणार नाही… 'काही नाही गं, सहज म्हटलं' — सावरून घेणारं वाक्य तयारच होतं. तिनं ते उच्चारलं नाही. फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि पलीकडून ताईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.